दळण आणि सोंग

एखादी भूमिका पत्करल्यावर माणसाचे पहिले कर्तव्य कोणते? त्या भूमिकेस लागणारे सामर्थ्य आधी कमावणे, की पदरी असलेल्या सामर्थ्यावरच ती भूमिका इमानाने वठविणे? हा प्रश्न नटापुढे असतो, नव्या अधिकाऱ्यापुढे असतो, आणि पहिल्यांदा बाप झालेल्या तरुणापुढेही असतो. आज तो आम्ही वाचकांपुढे मांडीत आहोत, तो मात्र अशा एका क्षेत्रातून उचलून, की ज्याचे नाव काढताच आमच्या वडीलधाऱ्या सभासदांच्या कपाळास आठी पडावी. ते क्षेत्र म्हणजे संगणकावर, इंटरनेटच्या साहाय्याने, अनेकांनी मिळून खेळावयाचे भूमिका-खेळ. घरातील मुले-नातवंडे या खेळांत रमलेली दिसली, की ‘वेळेचा अपव्यय’ एवढे म्हणून आपण त्या विषयाची बोळवण करतो. अपव्यय होतो की नाही, हा विचार वेगळा. परंतु त्या खेळात शिरलेल्या माणसांनी आपापसांत गेली पंचवीसहून अधिक वर्षे जो वाद चालविला आहे, तो शुद्ध नीतीचा वाद आहे. आणि तो शांतपणे ऐकून घेण्याच्या योग्यतेचा आहे.

प्रथम या खेळांचे स्वरूप सांगितले पाहिजे. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ प्रसिद्ध केला. चार मित्रांनी मेजाभोवती बसावे, प्रत्येकाने योद्धा, मांत्रिक, चोर असे काही रूप घ्यावे, आणि प्रसंग येईल तसे आपले पात्र काय करील ते सांगावे, असा तो प्रकार. त्यांच्यापैकीच एक जण पंच होऊन कथा पुढे नेई. पराक्रमाबद्दल पात्रास ‘अनुभवाचे गुण’ मिळत व त्याची पायरी वाढे. पुढे १९७८ साली इंग्लंडातील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ याने ‘मड’ या नावाचे एक काल्पनिक जग संगणकावर उभारण्यास आरंभ केला व रिचर्ड बार्टल याने ते वाढीस नेले. तेथे चित्र नव्हते, केवळ शब्द होते. तरी अनेक माणसे एकाच वेळी त्या जगात शिरू शकत, आणि पुरेसे गुण जमविणारा ‘विझार्ड’ होऊन त्या जगावरच सत्ता चालवू शके. १९९७ साली ‘अल्टिमा ऑनलाइन’ आला. त्यात नगरे होती, खाणी होत्या, दुकाने होती, आणि हजारो माणसे एकाच वेळी आपापली सोंगे घेऊन त्यांत वावरत होती.

या शेवटच्या खेळाची योजना मुद्दाम सांगण्यासारखी आहे. त्यात पायऱ्या नव्हत्या. जो जे करील त्यात तो निपुण होईल, असा नियम होता. तलवार चालविणाऱ्याचा हात तलवारीत बसे, लोखंड ठोकणारा लोहारकामात वाढे. एका विद्येत १०० पर्यंत, आणि मूळच्या व्यवस्थेत सर्व विद्या मिळून ७०० पर्यंत, अशी मर्यादा होती. म्हणजे कोणालाही सर्वज्ञ होता येत नसे. कल्पना निकोप होती. लोहार म्हणून जगता जगता माणूस लोहार व्हावा, हा तिचा आशय. परंतु घडले ते निराळेच. खेळाडूंनी हिशेब मांडला आणि शेकडो कट्यारी एकामागून एक ठोकावयास प्रारंभ केला. त्या कट्यारींना गिऱ्हाईक नव्हते. त्या पडेल किमतीस विकाव्या किंवा पुन्हा वितळवाव्या, आणि पुन्हा ठोकाव्या. कोणी सरावाच्या बाहुल्यासमोर तासन् तास उभा राहून त्यास झोडपीत असे. कोणी तर कळा दाबण्याचे काम यंत्रावर सोपवून स्वतः झोपी जाई. इंग्रजीत खेळाडू यास ‘ग्राइंडिंग’ म्हणतात. आमच्या भाषेत त्यास शब्द शोधावा लागत नाही. तेच ते पुन्हा पुन्हा चालते तेव्हा ‘दळण दळणे’ असे आपण पूर्वापार म्हणतच आलो आहोत.

याच्या उलट दुसरा पक्ष सोंग सांभाळणाऱ्यांचा. यांनी भटारखानेवाल्याचे रूप घेतले, तर ते भटारखानेवाल्यासारखे बोलतील. कालच्या क्रिकेटच्या सामन्याची वार्ता त्या जगात काढणार नाहीत. आपल्या पात्राने भ्यावे अशा जागी भितील, आणि पात्राच्या स्वभावास न शोभणारा लाभ समोर चालून आला तरी हात आखडता घेतील. २००४ साली निघालेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या खेळात तर अशा मंडळींसाठी निराळी विश्वेच राखून ठेवली होती, आणि तेथे पात्राचे नावदेखील त्या जगास साजेसे असावे असा दंडक होता. या पक्षाची तक्रार अशी, की आम्ही चौकात बसून एक कथा विणीत असता शेजारी एखादा गडी बाहुल्यास झोडपीत आकडे ओरडत असेल, तर ते जग मोडते. हॉलंडचा इतिहासकार योहान हुइझिंगा याने १९३८ सालच्या ‘होमो लुडेन्स’ या ग्रंथात असे दाखविले आहे, की खेळात लबाडी करणारा निदान नियम पाळल्याचा आव तरी आणतो. खेळाचा खरा वैरी तो, जो खेळाचे मंडलच नाकारतो. दळण दळणारा तर एकही नियम मोडीत नाही. तरीही त्याच्या शेजारी बसलेल्यास आपले काहीतरी हिरावले गेले असे वाटते. हे का?

न्याय करावयाचा तर आधी दळणाऱ्याची बाजू पुरतेपणी मांडली पाहिजे. सगळी सोंगे आणता येतात, पण पैशाचे सोंग आणता येत नाही, अशी आपली म्हण आहे. सामर्थ्याचेही तसेच आहे. मी शूर सरदार आहे असे रसाळ भाषेत सांगणारा, पहिल्या लांडग्यासमोर आडवा झाला, तर त्याच्या सोंगास अर्थ काय उरला? अंगी बळ नसता नुसते बोलणे हा पोकळ डौल आहे, आणि तो सोंग सांभाळणाऱ्यांत पुष्कळ वेळा आढळतो. शिवाय आपल्याकडे सरावाचा महिमा थोर आहे. गवई एकच पलटा शेकडो वेळा घोटतो, मल्ल पहाटे जोर-बैठका काढतो, मूल पाटीवर एकच अक्षर गिरवते. त्यांस आपण दोष देत नाही, उलट शाबासकी देतो. मग कट्यारी ठोकणाऱ्यास तेवढा दोष का?

आमच्या मते या दोहोंत एक भेद आहे, आणि सगळा प्रश्न त्या भेदावर टेकलेला आहे. गवयाचा पलटा शंभर वेळा घोटल्यावर गवयाचा गळा बदलतो. मल्लाचे अंग बदलते. गिरविणाऱ्या मुलाचे बोट वळते. सरावाने करणारा बदलतो, म्हणून सराव ही साधना ठरते. हजार कट्यारी ठोकणाऱ्याचा हात मात्र होता तसाच राहतो. बदलतो तो फक्त पात्राच्या नावापुढील आकडा. लोहार त्यास लोखंड कळले म्हणून मोठा होत नाही, त्याच्या नावे नोंद वाढली म्हणून मोठा होतो. आणि दुसरे असे, की खऱ्या लोहाराचा हजारावा विळा कोणीतरी शेतावर नेतो. येथील हजारावी कट्यार कोणासच नको असते. करणारा बदलत नाही आणि घेणाराही कोणी नाही, अशी क्रिया कितीही कष्टाची असली तरी ती दळण होय. आणि तेही पीठ न पडणारे.

परंतु हा दोष केवळ खेळाडूंचा नव्हे. मेजावरच्या मूळ खेळात पंच माणूस होता. एखाद्याने केवळ गुणांसाठी काही चालविले आहे हे त्याच्या ध्यानी येई, आणि तो हसून म्हणू शके, ‘हे तुझे पात्र करील काय?’ खेळ यंत्राकडे गेला तेव्हा हा पंच नाहीसा झाला. यंत्रास तलवारीचे घाव मोजता येतात; घाव घालणाऱ्याचा हेतू मोजता येत नाही. जे मोजता येत नाही त्याचे फळ देता येत नाही, आणि ज्याचे फळ मिळत नाही ते करणारे हळूहळू कमी होतात. भित्रे पात्र इमानाने वठविणाऱ्याच्या खाती शून्य, आणि रात्रभर यंत्र चालवून झोपणाऱ्याच्या खाती शंभर, हा न्याय माणसाने केलेला नाही, मोजमापाने केलेला आहे. तो मान्य करावयाचा की नाही, हे मात्र माणसाच्या हाती आहे.

येथे एक गोष्ट आमच्या वाचकांस जवळची वाटेल. याच मालिकेतील चौथा खेळ १९८५ साली रिचर्ड गॅरियट याने रचला; त्याच्या नावात आपला ‘अवतार’ हा संस्कृत शब्द आहे. आज संगणकावरील पात्रास जगभर ‘अवतार’ म्हणतात, त्या वापरास या खेळाचाही हातभार लागला आहे. हा खेळ एकट्याने खेळावयाचा होता, आणि त्याचे उद्दिष्ट दैत्य मारणे हे नव्हते. प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, प्रतिष्ठा, अध्यात्म व नम्रता हे आठ गुण अंगी बाणवून ‘अवतार’पदास पोहोचावे, असे त्याचे उद्दिष्ट होते. भिकाऱ्यास नाणे दिले की करुणा वाढे. रक्तदान केले की त्याग वाढे. वनौषधी विकणाऱ्या आंधळ्या बाईस कमी पैसे दिले तर प्रामाणिकपणा घटे. गुणांचे आकडे खेळाडूस दिसत नसत. एका द्रष्ट्या पुरुषास जाऊन विचारावे लागे. रचनाकाराचा हेतू खरोखर उदात्त होता. तरीसुद्धा हिशेबी खेळाडूस मार्ग सापडलाच. एकाच भिकाऱ्यासमोर उभे राहावे आणि एकेक नाणे, एकेक नाणे देत जावे, की करुणा पूर्ण! दया हीसुद्धा दळता येते, हे या खेळाने दाखवून दिले. त्या भिकाऱ्याकडे एकदाही न पाहता त्यास शंभर नाणी देता येतात, हे वाक्य आम्हांस खेळापुरतेच वाटत नाही.

तथापि सोंगाच्या पक्षासही एक कठोर प्रश्न विचारणे प्राप्त आहे. ‘अल्टिमा ऑनलाइन’च्या आरंभीच्या वर्षांत वाटेवर दबा धरून इतरांस मारणारे व लुटणारे पुष्कळ होते. जाब विचारता त्यांतील कित्येकांचे उत्तर ठरलेले असे : ‘माझे पात्र दरोडेखोराचे आहे, मी तर सोंग सांभाळले.’ ज्याचा माल गेला तो माणूस मात्र खरा होता, त्याची संध्याकाळ खरी होती. हा त्रास इतका वाढला, की २००० साली चालकांनी त्या जगाची दोन प्रतिरूपे केली, आणि त्यांतील एकात दुसऱ्याच्या संमतीवाचून त्याच्यावर हत्यार उगारण्यास बंदी घातली. म्हणजे ‘मी भूमिकेत होतो’ हा शब्द पापाची ढाल होऊ शकत नाही. रंगभूमीवरील खलपुरुष नायकाचा गळा दाबतो तेव्हा नायकाचे काम करणाऱ्या नटाची त्यास मूक संमती असते, आणि पडदा पडल्यावर दोघे एकत्र चहा घेतात. जेथे ही संमती नाही तेथे सोंग नाही. तेथे साधी दंडेली आहे, तिने अंगरखा निराळा घातला एवढेच.

मग निकाल काय द्यावा? आमच्या संगीत रंगभूमीचा एक अनुभव येथे उपयोगी पडतो. त्या काळी गायकनटाच्या पदास ‘वन्स मोअर’ मिळत, तानांवर ताना चालत, आणि शेजारी उभे असलेले पात्र प्रसंग गोठवून नुसते थांबून राही. गाणे अप्रतिम असे; पण विरहात बुडालेली नायिका तेवढ्यापुरती नाहीशी होई. रसिकांनी गाण्यास नावे ठेवली नाहीत, ठेवूही नयेत. गळा नसता ती नायिका उभीच राहिली नसती. मात्र जाणकार इतके म्हणत आले, की गाणे नायिकेचे असावे, नायिका गाण्याची असू नये. सामर्थ्य आणि भूमिका यांचे नाते असेच आहे. सामर्थ्य अवश्य कमवावे, पण ते भूमिकेच्या सेवेस असावे. लोहाराने कट्यार ठोकावी, ती कोणासाठी तरी ठोकावी. आणि कोणी गिऱ्हाईक नसेल त्या दिवशी ऐरणीशी बसून वाटसरूंशी दोन शब्द बोलावे. आकडा थोडा हळू वाढेल. परंतु त्या जगात एक लोहार असेल.

आता हा विचार खेळापुरता ठेवून आम्ही थांबलो, तर आमच्या वाचकांवर अन्याय होईल. ज्या मुलास आपण खेळात दळण दळतो म्हणून रागावतो, त्यासच आपण दुसऱ्या श्वासात विचारतो, ‘गुण किती मिळाले?’ काय कळले, हे क्वचित विचारतो. कचेरीत फाइली किती निकालात काढल्या याची नोंद होते. अर्जदार समाधानाने परतला की नाही याची होत नाही. आमच्या मंदिरातदेखील पारायणे किती झाली, जप किती झाला, याचे आकडे आपण मोठ्या हौसेने सांगतो. संख्या वाईट नव्हे. माळेस मणी असतात ते मन भटकू नये म्हणून. परंतु मणी सरकला आणि मन जागचे हलले नाही, तर माळ फिरविणारा आणि झोपेत यंत्राकडून कळा दाबून घेणारा यांत भेद दाखविणे कठीण आहे.

तेव्हा वडीलधाऱ्यांस आमची सूचना एवढीच, की संगणकापुढे बसलेल्या मुलास ‘किती वेळ झाला?’ हे अवश्य विचारावे, पण त्यासोबत ‘तू त्या जगात कोण आहेस, आणि आज तेथे कोणाच्या उपयोगी पडलास?’ हेही विचारावे. उत्तर देताना मूल गोंधळले, तर ते विचारास लागले असे समजावे. आणि त्याने उलट तोच प्रश्न आपणांस विचारला, तर रागावू नये. पिता, कारकून, शिक्षक, गृहिणी, विश्वस्त अशी सोंगे आपणही घेतलेली आहेत. त्यांतील आपला आकडा किती झाला हे आपणांस तोंडपाठ असते; ते सोंग वठले की नाही, याचे उत्तर शेजारी उभ्या असलेल्या माणसासच विचारावे लागते.