चार भाग मिळकतीचे



विनयपिटकात कथा आहे. राण्यांनी पाचशे चीवरे दिली, तेव्हा एवढ्यांचे काय करणार, असे राजा उदेनाने आनंदांना विचारले. जुनी झालेली अंथरुणाला, मग पायपुसण्याला, शेवटी चिंध्या चिखलात मळून लिंपणाला, असे उत्तर मिळाले. काहीच वाया नाही.

आज वाशीम जिल्ह्यात सोयाबीन विकून, वर कर्ज काढून लग्नात डीजे अन् थर्माकोलच्या पत्रावळी येतात. २०१८ पासून त्या पत्रावळींवर राज्यात बंदी आहे. तरी त्या नाल्यात तुंबतात. कर्ज फेडताना मुलीचे शिक्षण थांबते.

सिगालोवाद सुत्तात तथागतांनी मिळकतीचा एक भाग उपभोगाला, दोन कामधंद्याला, चौथा अडीअडचणीला सांगितला. येत्या पौर्णिमेला घरच्या सर्वांनी बसून हे चार भाग मांडावेत.