हसणाऱ्याचे ऋण

हास्य हे निर्व्याज असते, असे आपण सहज बोलून जातो. परंतु ज्याला पाहून आपण हसलो त्याला त्या हसण्याचे काही मोल द्यावे लागले काय, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. पूर्वी चार जणांत झालेली थट्टा चार जणांतच विरून जाई. आता पडद्यावरचे एखादे वाक्य दोन दिवसांत देशभर पसरते आणि महिना-दोन महिने ज्याच्या त्याच्या तोंडी राहते.

२०२० च्या ऑगस्टमधील प्रसंग वाचकांना स्मरत असेल. ‘साथ निभाना साथिया’ या हिंदी मालिकेतील सासू कोकिलाबेन सुनांची उलटतपासणी घेते. कुकरमधले हरभरे काढून रिकामा कुकर शेगडीवर चढवला गेला, तेव्हा स्वयंपाकघरात होते कोण? त्या वेळच्या औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, यशराज मुखाटे या तरुणाने या संवादालाच ताल आणि सूर दिले, आणि साथीच्या धास्तीने घरात कोंडलेली माणसे खळखळून हसली. येथे दुखावले कोणीच नाही. तो संताप अभिनयाचा होता. हसे झाले ते रिकाम्या कुकरवर एवढे नाट्य उभारणाऱ्या मालिकेच्या थाटाचे. सासूची भूमिका करणाऱ्या रूपल पटेल यांनीही या गमतीचे कौतुकच केले.

याच्या शेजारी दुसरे उदाहरण ठेवून पाहावे. कॅनडातील एका शाळकरी मुलाने २००२ साली गोल्फचे चेंडू उचलण्याची काठी तलवारीसारखी फिरवीत स्वतःचे चित्रण केले होते. ते कोणाला दाखविण्यासाठी नव्हते. २००३ मध्ये सहाध्यायांनी ते त्याला न विचारता इंटरनेटवर सोडले. जग हसले, मुलाला शाळा सोडावी लागली. प्रकरण न्यायालयापर्यंत गेले आणि २००६ मध्ये तडजोडीने मिटले.

कोणी म्हणेल, फरक उघड आहे. प्रसिद्ध माणसावर हसावे, सामान्यावर हसू नये. परंतु हा नियम पुरा पडत नाही. नटाच्या भूमिकेवर हसणे आणि त्याच्या व्यंगावर किंवा घरातील दुःखावर हसणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. प्रसिद्धी पत्करणाऱ्याने आपली कला लोकांपुढे ठेवलेली असते, आपले सर्वस्व नव्हे.

भरतमुनींनी नाट्यशास्त्रात हास्याचे स्मितापासून अतिहसितापर्यंत सहा प्रकार सांगितले आणि ते उत्तम, मध्यम व अधम प्रकृतींत दोन-दोन असे वाटून दिले. हसणे कोणत्या प्रतीचे, हे त्यांनी हसणाऱ्यावरून ठरविले, हे लक्षात घेण्यासारखे आहे. मात्र भरतांच्या प्रेक्षागृहात नसलेली एक अडचण आज उभी राहिली आहे. आपण प्रत्येक जण केवळ स्मित करतो आणि चित्रफीत पुढे धाडतो. पण लाखांची स्मिते एकाच माणसाच्या दारी गोळा झाली की त्यांचे अतिहसित होते. आपला वाटा अल्प होता, या समाधानाने त्याचा भार हलका होत नाही.

परप्रांतात नोकरी केलेल्यांना हे निराळे सांगावयास नको. आपल्या मराठी वळणाच्या हिंदीवर कचेरीत पिकलेला हशा आपण ऐकलेला आहे. काही वेळा त्यात आपणही मनापासून सामील झालो. काही वेळा केवळ ओठ हलविले. त्या दोहोंतील अंतर तेव्हा आपल्याला नेमके कळत होते. दुसऱ्याची चित्रफीत पुढे धाडताना ते आठवावे, एवढेच ऋण हसणाऱ्याने फेडावयाचे आहे.