गावगाड्याचे पूर्ण दर्शन

कोल्हापूरजवळच्या कणेरी मठाच्या परिसरात जे सिद्धगिरी ग्रामजीवन वस्तुसंग्रहालय आहे, तेथील सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट अशा बलुतेदारांच्या माणसाएवढ्या मूर्ती पाहताना, शिरूर अनंतपाळहून गेलेल्या एखाद्या कुटुंबातील आजोबा जेव्हा नातवंडांना विहिरीवरची मोट कशी चाले आणि खळ्यावरच्या राशीतून बलुत्याचा वाटा कसा निघे हे सांगू लागतात, तेव्हाच त्या निश्चल मूर्तींत खरे चैतन्य संचारते.

परंतु हे दर्शन पूर्ण असावे. ज्या गावगाड्यात परस्परावलंबन होते, त्याच गावगाड्यात वेशीबाहेरची वस्ती, पाणवठ्यावरचा मज्जाव आणि जन्माने लादलेली चाकरीही होती, हे मुलांपासून लपवून ठेवले तर आपण त्यांना इतिहास न देता केवळ देखावा देऊ.

शिरूर अनंतपाळहून कणेरी दूर वाटली तर उदगीर जवळ आहे; १७६० साली सदाशिवरावभाऊंनी निजामाच्या फौजेला नमविले, तो हा मुलूख. पुढे १७ सप्टेंबर १९४८ रोजी येथील निजामी अंमल संपुष्टात आला. तो अंमल, ती चावडी आणि ते उर्दू दप्तर बालवयात पाहिलेली माणसे अद्याप काही घरांत आहेत.

म्हणून सहलीला निघताना वडीलधाऱ्यांना आग्रहपूर्वक सोबत न्यावे, त्यांना सावकाश बोलू द्यावे आणि मुलांच्या प्रत्येक प्रश्नाला निर्भयपणे सत्य उत्तर द्यावे. पूर्वजांचे गुण आणि दोष दोन्ही जाणणारी पिढीच अधिक न्याय्य गाव उभारू शकते.