मात्रा आणि आणे

दहावी झालेल्या मुलाला ‘सायन्स की आर्ट्‌स?’ असं विचारताना आपण एक गोष्ट धरूनच चालतो, की मोजणारे एकीकडे आणि जाणणारे दुसरीकडे. प्रवेशाच्या याद्या लावायला ही वाटणी ठीक आहे. काम सुरू झालं की ती टिकत नाही. त्याचा पुरावा बारामती आणि इंदापूर या शेजारच्या दोन तालुक्यांतच सापडतो.

बारामतीत कऱ्हाकाठी मोरोपंतांनी (१७२९–१७९४) हजारो आर्या रचल्या. आर्येचाच प्रकार असलेली त्यांची आवडती गीती घ्या. तिच्या चार चरणांत १२, १८, १२, १८ मात्रा. लघूची एक, गुरूची दोन. नुसत्या मात्रा जुळवायच्या म्हटलं तर १२ मात्रांचा चरण २३३ तऱ्हांनी भरता येतो. पण चार-चार मात्रांचे गण पाडायचे आणि विषम स्थानी लघु-गुरू-लघू येऊ द्यायचा नाही, हा नियम लावला की पहिल्या चरणाला चार गुणिले पाच गुणिले चार, म्हणजे ८०च वाटा उरतात. त्यांतून कवीला अर्थ आणि यमक साधत कथा पुढे न्यायची असते. हे २३३ कुठून आले? १, २, ३, ५, ८, १३... पुढची प्रत्येक संख्या मागच्या दोहोंची बेरीज, कारण चरणाचा शेवट एकतर लघूने होतो नाहीतर गुरूने. जैन आचार्य हेमचंद्राने हे ११५०च्या सुमारास छंदःशास्त्रात सांगितलं. ही मालिका ज्याच्या नावाने ओळखली जाते त्या फिबोनाचीचा ग्रंथ १२०२चा. म्हणजे गणितातली ही प्रसिद्ध मालिका आपल्याकडे काव्याच्या गरजेतून आली.

यावर कुणी म्हणेल, ही सुतारकी झाली, काव्य नव्हे. ओष्ठ्य अक्षरं टाळून ‘निरोष्ठ रामायण’ लिहिणं ही कसरतच. आक्षेप अर्धा खरा आहे. पंतांच्या काही रचना कसरतीपुढे जात नाहीत, हे त्यांच्या चाहत्यांनीही मान्य करावं. शिवाय मात्रा मोजणारा कवी गणिती ठरत नाही. त्याला सिद्धता द्यायची नसते. पण चांगली आर्या कानाला सहज वाटते ती मोजमाप सोडल्यामुळे नाही, ते अंगवळणी पडल्यामुळे.

इंदापुरात हीच गोष्ट उलट्या टोकाने दिसते. १८३०च्या सुमारास प्रिंगल या अधिकाऱ्याची सारापद्धत तिथे लागू झाली. उत्पन्नातून लागवडीचा खर्च वजा करायचा आणि उरलेल्या निव्वळ नफ्याचा ठराविक हिस्सा सरकारने घ्यायचा, असा तिचा हिशेब अर्थशास्त्राच्या तेव्हाच्या ताज्या सिद्धांतावर बेतलेला होता. कागदावर ती निर्दोष दिसे. प्रत्यक्षात मोजणीत चुका होत्या, सारा झेपेना, हंगामही वाईट गेले. रयत जमिनी टाकून निघून गेली. १८३५-३६मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी याच तालुक्यापासून नवी पाहणी सुरू केली. निव्वळ नफ्याचा नाद त्यांनी सोडला. मातीचा रंग, पोत आणि खोली पाहून जमिनीची प्रत ठरवली. पुढे स्थिरावलेल्या कोष्टकात पावणेदोन हात खोल, एकसारख्या बारीक पोताची काळी जमीन सोळा आणे, आणि खोली घटेल तसे आणे कमी. दर मात्र त्यांनी सूत्रातून काढला नाही. मागच्या वर्षांची वसुली आणि गावाची स्थिती पाहून अदमासाने ठरवला.

‘अदमास म्हणजे मनमानीच की!’ तसं होऊ शकतं, आणि म्हणूनच त्यांनी कोष्टक टाकून दिलं नाही. खोली हाताने मोजली. जे मोजता येत नव्हतं तेवढंच तारतम्यावर सोडलं. मोजमाप कुठे थांबवायचं हे ओळखणं कोष्टकात बसत नाही, पण ते न ओळखता केलेलं विज्ञान इंदापुरात फसलं होतं. कला आणि विज्ञान एकच, असं मात्र मी म्हणत नाही. आर्या रुचली नाही तर वाचक ती बाजूला ठेवतो. सारा चुकला तर गाव उठतं. दोघांची कसोटी वेगळी आहे, हत्यारं सामाईक आहेत.

गोल्डस्मिड-विंगेट यांचा दर इंदापुरात तीस वर्षांसाठी कायम झाला आणि त्यांची पद्धत पुढे मुंबई इलाखाभर गेली. सातबाऱ्यावर आजही आकारणीची नोंद असते.