पावणेचौदा मीटर

माझ्या टेबलावरच्या गेटमनची उंची २० मिलिमीटर आहे. गाडी जवळ आली की रुळाखालचा सेन्सर तिला ओळखतो, फाटकाचे दोन्ही दांडे खाली येतात आणि केबिनच्या दारातला हा माणूस उजवा हात पुढे करून हिरवा झेंडा धरतो. शेवटचा डबा गेला की हात खाली, दांडे वर. सगळं मिळून बावीस सेकंद. पाहणारे 'परत दाखव ना' म्हणतात, मी परत दाखवतो.

हे मी विकत आणलेलं नाही, याचा मला नको तेवढा अभिमान आहे. मॉडेल रेल्वेच्या एचओ प्रमाणात, म्हणजे ८७ पट लहान, भारतीय रेल्वेची गेटमनची केबिन मला बाजारात मिळाली नाही. जर्मन खेडी मिळतात, अमेरिकन धान्यकोठारं मिळतात. म्हणून भिंती लग्नपत्रिकांच्या जाड कागदाच्या, खांब उदबत्तीच्या काड्यांचे, दाराच्या बिजागऱ्या इंजेक्शनच्या सुईच्या तुकड्यांच्या. रुळांमधली खडी म्हणजे चाळून, राखाडी रंगवलेली रांगोळी. झेंडा गोळ्यांच्या पाकिटाच्या चंदेरी कागदाचा, सात मिलिमीटरचा. तो हलवणारी तार गिटारची. खाली एक स्वस्तातला सर्व्हो आणि आर्डुइनो. माणूस मात्र परदेशी प्रवाशाचा पुतळा आहे. त्याची हॅट कापली, अंगावर निळा शर्ट रंगवला. चेहरा अजून जर्मनच आहे, पण तो भिंगाशिवाय दिसत नाही.

मला करायचे होते ते माझे आजोबा, आईचे वडील. एका लहान स्टेशनाच्या पुढच्या फाटकावर त्यांनी एकतीस वर्षं ड्युटी केली. ते फाटक आता नाही, तिथून भुयारी रस्ता जातो. ब्रॉडगेजवरची बिनपहाऱ्याची फाटकं २०१९च्या सुरुवातीपर्यंत संपली आणि माणूस असलेलीही एकेक करून जाताहेत. ते चांगलंच आहे, त्यात माणसं मरत होती. पण त्यामुळे आजोबांचं काम पाहायचं तर उरलं फक्त माझं टेबल.

आईला दाखवलं. तिने बावीस सेकंद पाहिलं, हसली, आणि म्हणाली, "छान आहे रे. पण अण्णा असे नव्हते. फाटक लागलं की मग कितीतरी वेळ काहीच व्हायचं नाही. तेच तर त्यांचं काम होतं." मग वाकून विचारलं, "बूट घातलेस का त्यांना?"

बुटांचं मला माहीत नव्हतं. फाटकात ट्रक किंवा बैलगाडी अडकली आणि गाडी येत असली, तर गेटमनने काय करायचं याचा नियम आहे. लाल झेंडा दाखवत गाडीच्या दिशेने पळत सुटायचं. ६०० मीटरवर रुळाला एक फटाका लावायचा आणि १२०० मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन. इंजिनाचं चाक त्यावरून गेलं की तो फुटतो आणि ड्रायव्हरला कळतं की पुढे काहीतरी आहे. आजोबा एकतीस वर्षं बूट घालून, नाड्या बांधून बसत, कारण चपलांवर खडीतून पळता येत नाही. रात्रीही. "आणि कितीदा पळाले?" मी विचारलं. "एकदाही नाही," आई म्हणाली.

त्या रात्री मी मेजरिंग टेप घेतली. १२०० भागिले ८७, म्हणजे पावणेचौदा मीटर. माझं टेबल आठ फुटांचं. टेप टेबलावरून उतरली, हॉलमधून, दारातून, लिफ्टसमोरून गेली आणि शेजाऱ्यांच्या चपलांच्या स्टँडपाशी संपली. म्हणजे आजोबांच्या कामातली सगळ्यात गंभीर गोष्ट माझ्या फ्लॅटमध्येच मावत नाही.

या छंदात त्याला उत्तर तयार असतं. त्याला सिलेक्टिव्ह कॉम्प्रेशन म्हणतात: जागा नाही, म्हणून महत्त्वाचं तेवढं ठेवायचं. आठ फूट म्हणजे २१२ मीटर. ताशी ६० किलोमीटरच्या प्रमाणात गाडी धावली तर ती साधारण तेरा सेकंदांत टेबल ओलांडते. अंतराला ८७ने भागता येतं, वेळेला नाही. मग जे हलतं ते ठेवलं जातं आणि जे हलत नाही ते गळतं. हॅम्बुर्गच्या मिनिआटुर वुंडरलांडमध्ये प्रेक्षकाने बटण दाबलं की काहीतरी हललंच पाहिजे, नाहीतर बटण कशाला? कॅलिफोर्नियातल्या जॉन ॲलनने गेल्या शतकाच्या मध्याला चकचकीत मॉडेल्स गंजवून, मळवून दाखवली आणि त्यानंतर लोक धूळ आणि पडझडही प्रेमाने करू लागले. गंज जमला. कंटाळा अजून कुणी केलेला मी पाहिलेला नाही.

हा नुसता छंदाचा तांत्रिक प्रश्न असता तर मी इथे लिहिलं नसतं. मी आजोबांच्या एकतीस वर्षांतून बावीस सेकंद निवडले, आणि निवडले ते सगळ्यात गोड. झेंडा दाखवणारा माणूस बघायला बरं वाटतं. पण झेंडा त्यांच्याऐवजी माझा सर्व्होही दाखवतो. जे सर्व्होला जमतं नेमकं तेवढंच मी त्यांचं म्हणून मांडलं, ही मला हळूहळू बेअदबी वाटायला लागली.

तत्त्वज्ञानात 'मॉरल लक' नावाची चर्चा आहे. बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल यांनी ती १९७६मध्ये सुरू केली. नेगलचं उदाहरण असं: ट्रक ड्रायव्हरने ब्रेक तपासून घेतले नाहीत. रस्त्यात मूल आलं तर तो आयुष्यभर अपराधी. नाही आलं तर तोच निष्काळजीपणा कुणाला कळतही नाही. आजोबांची गोष्ट याच्या उलटी. ट्रक अडकला असता आणि ते पळाले असते तर पेपरात फोटो आला असता. अडकला नाही, म्हणून ते नुसतेच बूट घालून बसलेले गृहस्थ. फरक त्यांच्यात नाही, ट्रकमध्ये आहे. इथे काहींना गीता आठवेल. पण आजोबांना फळाची अपेक्षा होती, दर महिन्याच्या पगाराची.

आणि खरं सांगायचं तर, एखाद्या रात्री त्यांना डुलकी लागली असेल. आई नाही म्हणते, पण ती मुलगी आहे. तीही कुणाला कळली नसती. काहीच न घडलेल्या रात्रींत जागी कुठली आणि झोपलेली कुठली, हे बाहेरून ओळखू येत नाही. तरी त्या सारख्या नव्हेत, असं मला ठामपणे वाटतं. का, ते सिद्ध करता येत नाही. मीही दर पाचव्या आठवड्याला ऑन-कॉल असतो, लॅपटॉप उशाशी. सर्व्हर पडला नाही तर सकाळी विचारायला कुणी येत नाही. एकदा मी फोन सायलेंट करून झोपलो होतो. काही झालं नाही. ती रात्र मला अजून बोचते, आणि त्या बोचण्याचं कारण डॅशबोर्डवर कुठेच सापडणार नाही.

मग कोड बदलला. आता फाटक लागतं आणि गाडी चार मिनिटांनी येते, खऱ्या घड्याळाची चार मिनिटं. तेवढा वेळ गेटमन नुसता उभा असतो. सर्व्होचा पुरवठाही तेवढ्यापुरता तोडला, नाहीतर तो घुर्रघुर्र करत थरथरत राहायचा. बूट दोन थेंबांत, नाड्या सुईच्या टोकाने. परवा ऑफिसातला मित्र आला होता. मिनिटभर पाहून म्हणाला, "हँग झालंय का रे?" "नाही, चालू आहे," मी म्हटलं. त्याने फोन बाहेर काढला.

आई खुर्ची ओढून बसली. दोन-अडीच मिनिटं झाली असतील. "आता बरोबर," ती म्हणाली. तेवढ्यात कुकरची तिसरी शिट्टी झाली आणि गाडी यायच्या आधीच ती उठून आत गेली.