उशिरा आलेल्या मजुराची रोजी

दिवाळीनंतर वर्धा जिल्ह्यात कापसाच्या वेचणीला जोर येतो. वेचणाऱ्या बायांना मजुरी किलोमागे मिळते. हात चपळ असेल तिला जास्त, वय झालेलीला कमी. हा हिशेब इथल्या मुलांना कोणी शिकवावा लागत नाही. त्यांतलीच काही मुले रविवारी संडे स्कूलमध्ये द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला ऐकतात. मळ्याचा मालक पहाटेपासून ते दिवस मावळायला तासभर उरेपर्यंत माणसे कामाला लावतो आणि संध्याकाळी सगळ्यांना सारखीच, पूर्ण दिवसाची रोजी देतो. देवाची कृपा अशी सर्वांवर सारखी असते, असे मुलांना सांगितले जाते. ते खरेच आहे. पण शनिवारी पाहिलेली वेचणी आणि रविवारी ऐकलेला दाखला यांची गाठ बहुतेकदा कोणी घालून देत नाही. श्रद्धेचे शिक्षण अडते ते इथे.

येशूने स्वतः असे शिकवले नाही. पेरणी, मोहरीचा दाणा, पिठात कालवलेले खमीर, हरवलेले नाणे शोधण्यासाठी घर झाडणारी बाई हे सगळे त्याने ऐकणाऱ्यांच्या रोजच्या कामातून उचलले. शिवाय अनेकदा उत्तर त्याने ऐकणाऱ्यावरच सोपवले. चांगल्या शोमरोन्याची गोष्ट सांगून झाल्यावर शेजारी कोण ठरला, हे त्याने प्रश्न विचारणाऱ्याकडूनच वदवून घेतले.

मजुरांच्या या दाखल्याचे वर्ध्याशी नाते जुने आहे. इंग्रज लेखक जॉन रस्किन याने 1860 मध्ये अर्थव्यवहारावर निबंध लिहिले आणि त्यांना ‘अन्टू धिस लास्ट’ हे नाव याच दाखल्यातून घेऊन दिले. 1904 मध्ये जोहान्सबर्गहून दरबानला जाताना गांधीजींनी हे पुस्तक आगगाडीत वाचले. पुढे 1908 मध्ये त्याचे सार गुजरातीत मांडताना त्यांनी नाव दिले ‘सर्वोदय’. 1936 मध्ये ते वर्ध्याजवळच्या शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात राहायला आले. 1948 मध्ये त्यांच्या हत्येनंतर सहकारी सेवाग्रामात जमले आणि सर्वोदय समाज उभा राहिला. उशिरा आलेल्या मजुराची गोष्ट अशी जग फिरून आपल्या जिल्ह्यात आली.

ती जगून पाहणारी ख्रिस्ती माणसेही इथेच होती. जे. सी. कुमारप्पा हे तमिळ ख्रिस्ती घरातले. लंडनमध्ये हिशेबतपासणीचे शिक्षण घेतलेल्या या माणसाने मुंबईतला व्यवसाय सोडला. 1934 मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाल्यावर ते त्याचे चिटणीस झाले आणि वर्ध्याच्या मगनवाडीत तेलघाणी, हातकागद, मधमाश्यापालन अशा कामांत रमले. येशूचे आचरण आणि शिकवण यांवरचे त्यांचे पुस्तक 1945 मध्ये गांधीजींच्या प्रस्तावनेसह आले. गावकऱ्याच्या श्रमाला योग्य मोल मिळणे हा त्यांच्या श्रद्धेचाच भाग होता.

दुसरे ई. डब्ल्यू. आर्यनायकम, जाफन्याचे तमिळ ख्रिस्ती. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि तिच्यातून नई तालीम आकाराला आली. त्यासाठी निघालेल्या हिंदुस्तानी तालीमी संघाचे ते मंत्री होते. पत्नी आशादेवींसह त्यांनी सेवाग्रामात जी शाळा चालवली, तिथे सूतकताई, बागकाम, सफाई यांतूनच गणित, भाषा आणि विज्ञान शिकवले जाई. सांप्रदायिक धर्मशिक्षणाला त्या अभ्यासक्रमात जागा नव्हती. सर्व धर्मांतले समान सत्य मुलांनी शिक्षकाच्या वागण्यातून घ्यावे, अशी गांधीजींची धारणा होती. आपल्या घरांना आणि मंडळ्यांना धर्मशिक्षण द्यायचेच आहे. तरीही ती पद्धत आपल्या कामाची आहे: काम आधी, त्यातून उठलेला प्रश्न मग, आणि वचन त्यानंतर.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही रास्त आहेत. पहिला असा की वचने पाठ नसतील तर श्रद्धेचे नुसते चांगले वळण होऊन बसेल. म्हणून पाठांतर हवेच. फक्त पाठ केलेल्या वचनाला मुलाच्या जगण्यात जागा मिळायला हवी. दुसरा असा की प्रत्येक गोष्टीला तात्पर्य चिकटवले की मूल कंटाळते. तेही खरे आहे. पाऊस आला, दिवा लागला, भाकरी फुगली की लगेच उपदेश, असे नको. एखादाच प्रसंग निवडावा, पण तो पूर्ण बोलावा.

वेचणीचा प्रसंग तसा आहे. कापसाचे वजन झाल्यावर मुलाला विचारावे: आजीच्या हातून आज कमी कापूस निघाला, म्हणून तिची भूक कमी झाली का? त्याला विचार करू द्यावा आणि मग दाखला सांगावा. कापसाला भाव नसेल तर लहान शेतकरी तरी जास्त मजुरी कुठून देणार, असे मूल उलट विचारील. त्या प्रश्नाला हातात असलेले उत्तर नाही, आणि ते आहे असे भासवूही नये. मजूर, शेतकरी आणि देव यांचा एकत्र विचार मूल करू लागले, की श्रद्धा त्याची स्वतःची होऊ लागते.

मात्र त्याआधी मुले आपल्याकडे पाहणार. घरी भांडी घासायला येणारी बाई आजारी पडली तर आपण तिचे पैसे कापतो का, हे त्यांना दिसते. म्हणून आईवडिलांना आणि संडे स्कूलच्या शिक्षकांना कळकळीची विनंती आहे: हा दाखला पुढच्या वेळी मुलांना सांगण्यापूर्वी आपल्या दारी राबणाऱ्या माणसाची रोजी नीट द्या.