थांबलेल्या रथाचे सारथ्य

कठोपनिषदातील रथरूपकात आत्म्याला रथी, बुद्धीला सारथी आणि मनाला लगाम म्हटले आहे; परंतु सारथ्याला जो दीर्घ काळ निव्वळ थांबून राहावे लागते, त्याचा विचार तेथे आलेला नाही, आणि मला तर खरा प्रश्न तेथेच दिसतो.

एस.टी.च्या चालकाचा मार्ग नेमलेला, थांबे मुक्रर. मुक्कामी उतारू उतरले की श्रमाचे फळ त्याला डोळ्यांनी दिसते. गोरेगावच्या चित्रनगरीत मात्र, पहाटे अंधेरी-मालाडच्या गल्ल्यांतून रंगभूषाकार आणि वेशभूषेचे मदतनीस गोळा करून आणणारा चालक पुढे दिवसभर गाडीतच असतो: जनरेटर व्हॅनच्या घरघरीत, आसन मागे रेलून, चपला दाराशी काढून, एक कान ‘पॅकअप’च्या पुकाऱ्याकडे लावून तो पडून राहतो, आणि रात्री सर्वांना पोचवून स्वतः शेवटी घर गाठतो. हे थांबणे कर्म की अकर्म? गीतेच्या चौथ्या अध्यायात अकर्मात कर्म पाहणाऱ्याला बुद्धिमान म्हटले आहे, ते मला येथे अक्षरशः पटते. द्रोणपर्वात जयद्रथवधाच्या दिवशी श्रीकृष्णाने भर रणात घोडे सोडले, त्यांच्या अंगातले बाण उपसले, त्यांना पाणी पाजले. रथ उभा होता, सारथ्य चालूच होते.

मुंबईच्या टॅक्सीचा मीटरसुद्धा थांबल्या वेळेचे भाडे मोजतो. मग याच तासांना ‘रिकामा वेळ’ ठरवून चालकाच्या मेहनतान्यात काटछाट करणाऱ्या हिशेबनिसाचे वर्तन मला अधर्म्य वाटते.